बदामाची पंजी

रिद्धपूरला एक म्हातारबा राहत. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणायचं. नोकरीची वर्षं त्यांनी बडनेरा जंक्शनवर रेल्वेत काढली आणि तिथल्या साहेबलोकांच्या मागं उभं राहून ब्रिज शिकून घेतला. निवृत्त होऊन गावी आले ते पत्त्यांचे दोन कॅट आणि हा खेळ घेऊन. आधी आजीला शिकवलं, मग शेजारच्या गुरुजींना, आणि नातवंडं मोठी झाली तशी त्यांनाही. कास्तकाराच्या घरी ब्रिज कसला, असं कुणी विचारलं की आबाजी म्हणत, "निमाडात खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा म्हनून गाव हाये. तिथले कास्तकार वावरातून आले की ब्रिज मांडतात. आपनच कायले लाजाचं?"

आबाजींची चार एकर जमीन होती. रस्त्याला लागून एक एकर, आणि त्याच एकरात विहीर. तिच्यामागं दोन एकरांत संत्र्याची जुनी बाग. सगळ्यात शेवटी एक एकर बरड, हातभर खणलं की मुरूम लागणारं. मोर्शी-वरूडचा हा सारा पट्टा संत्र्याचा, पण आबाजींची झाडं आता थकली होती. बुंध्यांना डिंक्या लागला होता, शेंडे वाळत चालले होते, फळ धरलं तरी टिकत नव्हतं. यंदा काहीतरी ठरवणं भाग होतं. आबाजींनी तिन्ही नातवंडांना बोलावून विचारलं, "तुम्ही सांगा, काय कराचं?"

थोरल्याचं मोर्शीला खता-बियाण्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "आबाजी, गावात मराठी भाषेचं विद्यापीठ आलं. आता रस्त्याकाठच्या जमिनीले भाव येईन. विहिरीचा एकर आधी इकून टाकू. हातात पैसा आला की त्याच्यातून मागं नवी बाग लावू."

मधला घरची शेती पाहायचा. तो म्हणाला, "बागेच्या नादानं लय घरं बसली. झाडं काढून टाकू अन् जमीन मक्त्यानं देऊन देऊ. दरसाल ठरलेले पैसे घ्यायचे. नफा नाई तर नाई, तोटा तरी नाई."

धाकटी अमरावतीला शेतकीचं शिकून आली होती. ती म्हणाली, "विहिरीला हात लावायचा नाही. जुनी झाडं काढू, मागच्या तिन्ही एकरांत नवा संत्रा लावू आणि पाच वर्षं दम धरू."

"बरडात तुरीशिवाय काही येत नाई," मधला म्हणाला. धाकटीनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आबाजींनी तिघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "उद्या सकाळी आंघोळी करून या. पत्ते खेळू."

हे आजीला रुचलं नाही. आजी महानुभाव पंथाची. घरात येणाऱ्याला तिचा पहिला शब्द 'दंडवत प्रणाम' हाच. "या परमेश्वरपुरात पत्ते?" ती म्हणाली. "गावाची आठवन ठेवा जरा. भडोचच्या प्रधानाचे चिरंजीव हरिपाळदेव जुगारात हरले. देनं फेडाले कमळाइसाजवळ दागिने मागतले, तिनं नाई म्हटलं. मन संसारातून उठलं, अन् रामटेकच्या यात्रेले म्हनून निघाले ते इथं, आपल्या श्रीगोविंदप्रभूपाशी येऊन पोचले. पुढं तेच श्रीचक्रधर स्वामी झाले. जुगारानं काय होते हे या गावाले नोका सांगू."

"त्या खेळात पान कोनाले कोनतं येते याच्यावर सारं होतं," आबाजी म्हणाले. "मी तिघांलेही एकच पानं देनार हावो. नशीब तिघांचं सारखं. मंग उरते फक्त ज्याची त्याची अक्कल. मोठ्या स्पर्धा अशाच होतात, टेबलं वेगळी अन् पानं तीच. 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत आपल्या प्रणव बर्धन अन् शिबनाथ सरकार या जोडीनं सुवर्णपदक आनलं, ते याच खेळात. त्याच्यात जुगार कुठं आला?"

"पैसा नाई ना लावत?"

"एक छदाम नाई."

"मंग बसते. पन डमी मीच होईन. पानं खाली मांडली की मले स्मरणाले मोकळीक."

सकाळी ओसरीवर सतरंजी अंथरली. थोरल्याला आत घेतलं, बाकीच्या दोघांना विहिरीवर पाठवलं.

ब्रिज ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी इथं थोडं सांगायला हवं. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. आधी बोली लागते. ज्या जोडीची बोली चढते तिच्यात तो रंग किंवा नो-ट्रम्प आधी बोललेला आपल्याबरोबर आपल्या भिडूचीही पानं खेळतो. भिडू आपली पानं उघडी मांडून डमी होतो. हुकूम ठरवून खेळता येतं, तसंच हुकुमाशिवायही. 'थ्री नो-ट्रम्प' म्हणजे हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करायचे. समोरच्यांनी पाच केले की बोली बुडाली. पहिली उतारी असते ती बोलीवाल्याच्या डाव्या हाताला बसलेल्याची, आणि ती होईपर्यंत डमीची पानं झाकलेलीच असतात. म्हणजे उतारी करणाऱ्याला आपली तेरा पानं दिसतात, उरलेली एकोणचाळीस दिसत नाहीत. कानावर पडलेली बोली तेवढी सोबतीला.

बिनहुकुमी डावाची खुबी अशी की, त्यात कापणारं कुणी नसतं. हुकूम असला तर तुमचा लांब रंग कुणीतरी मध्येच मारतो. हुकूम नसला की एखाद्या रंगाची वरची पानं निघून गेल्यावर त्याच रंगाची तिर्रीसुद्धा हात करते, कारण बाकी कुणाकडे तो रंगच उरलेला नसतो. म्हणून अशा डावात दोन्ही बाजूंची एकच शर्यत चालते, कुणाचा लांब रंग आधी उभा राहतो याची. बोलीवाल्याकडे पानं भारी असतात. उतारीवाल्याकडे त्याच्या बदल्यात एकच गोष्ट असते, पहिलं पाऊल.

आबाजींनी पिशवीतून आधीच लावून ठेवलेली पानं काढली. उतारीवाल्याला आली ती अशी: इस्पिकची अठ्ठी, छक्की, दुर्री. बदामाचा राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. चौकटची नव्वी, सत्ती, चव्वी. किलवरचा एक्का आणि पंजी. गुरुजी उतारीवाल्याचे भिडू. आबाजींनी बोली लावली, "वन नो-ट्रम्प." आजी म्हणाली, "थ्री नो-ट्रम्प." बाकी दोघं पास.

थोरल्यानं हातातली पानं एकदा पाहिली आणि किलवरचा एक्का टाकला.

"का रे?" आबाजींनी विचारलं.

"हातचा हात आहे. आधी खिशात घालून घेतो, मंग पुढचं पाहू."

हात त्याचा झाला. मग त्यानं बदामाची पंजी काढली, कारण बदाम त्याच्याकडे लांब होता. गुरुजींनी राणी लावली, आबाजींनी ती एक्क्यानं घेतली. आता किलवर मोकळा झाला होता. आबाजींनी किलवरचा राजा वाजवला, इस्पिकच्या राजानं डमीत गेले आणि तिथून किलवरची राणी, गुलाम, दश्शी एकामागून एक काढली. वर इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का आणि राजा. मोजून नऊ. थोरल्याच्या हातात बदामाचा राजा, गुलाम आणि अठ्ठी शेवटपर्यंत तशीच राहिली. तिन्ही पानं हात करणारी, पण ती चालवायला त्याच्याकडे डावच आला नाही. आला तो बोली पुरी झाल्यावर.

मग मधल्याला बोलावलं. त्यानं बराच वेळ पानं निरखली. बदामाच्या राजावर दोनदा बोट ठेवलं आणि काढून घेतलं. शेवटी त्यानं इस्पिकची अठ्ठी टाकली.

"ही का?"

"राजाखालून खेळलो अन् समोर एक्का-राणी असली, तर फुकटचा हात जाईन. इस्पिकमध्ये माझं काहीच नाई. जिथं काही नाई तिथून जाईन काय?"

खरंच काही गेलं नाही. गुरुजींची दश्शी पडली, आबाजींनी एक्क्यानं हात घेतला आणि सवडीनं किलवरचा राजा पुढं केला. मधल्यानं तो एक्क्यानं मारला. त्यानं पुन्हा इस्पिकच काढली, कारण पुन्हा तीच भीती. डमीच्या राजानं तो हात घेतला. पुढं किलवरचे चार हात, चौकटचे दोन, बदामाचा एक्का. इस्पिकचे दोन धरून तेही नऊच. मधल्यानं चूक म्हणावी असं एकही पान टाकलं नव्हतं, तरी बोली पुरी झाली.

शेवटी धाकटी आली. तिनं पानं लावून घेतली, बोली मनात एकदा घोळवली आणि बदामाची पंजी उपडी ठेवली. गुरुजींनी मान हलवल्यावर ती सुलटी केली.

"राजा असताना पंजी?" आबाजी म्हणाले.

"लांब रंगातलं वरून चौथं पान, आबाजी. राजा, राणी, गुलाम असं सलग असतं तर वरून खेळलं असतं. मध्ये फट आहे, म्हणून खालून. आज एखादा हात गेला तरी चालेल."

आजीनं डमी मांडली. त्यात बदामाची सत्ती आणि चव्वी निघाली. गुरुजींनी क्षणभर हिशेब केला. चौथ्या पानाची उतारी असली की एक जुना ठोकताळा लागू पडतो: अकरातून पानाचा आकडा वजा करायचा, जे उरेल तितकी त्याहून मोठी पानं बाकी तीन हातांत. का, तर एक्क्याला चौदा मानलं तर पंजीच्या वर नऊ पानं असतात आणि त्यांतली तीन उतारीवाल्याकडेच. उरली सहा. त्यातली सत्ती डमीत, राणी आणि नव्वी गुरुजींच्या स्वतःच्या हातात. म्हणजे आबाजींकडे तीन. एका लहानशा पानानं भिडूला एवढी बातमी पोचवली होती.

गुरुजींनी राणी लावली. आबाजी मुरलेले खेळाडू. त्यांनी एक्का दाबून ठेवला आणि छक्की टाकली. गुरुजींनी नव्वी परत काढली. आबाजींची दश्शी, धाकटीचा गुलाम. दोन हात झाले. तिसऱ्यांदा धाकटीनं राजा काढला, तेव्हा मात्र आबाजींना एक्का लावावाच लागला. आता बदामाची दोनच पानं उरली होती, अठ्ठी आणि तिर्री, आणि दोन्ही धाकटीकडे.

आबाजींचे खणखणीत हात पाचच होते: बदामाचा हा एक्का, इस्पिकचे दोन, चौकटचे दोन. उरलेले चार किलवरमधून आणायचे तर किलवरचा एक्का बाहेर काढणं भाग होतं. तो गुरुजींकडे असावा, एवढीच आशा. गुरुजींकडे बदाम संपला होता. एक्का त्यांच्याकडे असता तर अठ्ठी आणि तिर्री धाकटीच्या हातात कुजल्या असत्या. याचसाठी तर आबाजींनी बदामाचा एक्का दोनदा दाबला होता. त्यांनी किलवरचा राजा पुढं केला. धाकटीनं एक्का लावला. मग अठ्ठी ठेवली, मग तिर्री. राणी, गुलाम, एक्का, अठ्ठी, तिर्री असे पाच हात झाले. आबाजींची बोली एका हातानं बुडाली.

आबाजींनी तिघांना समोर बसवलं आणि तीनही डाव पुन्हा उलगडून दाखवले. थोरला काही पटायला तयार नव्हता. "आबाजी, किलवरच्या एक्क्याचा हात मलेही एकच मिळाला, तिलेही एकच. आधी घेतला काय अन् मंग घेतला काय, फरक कायचा?"

"एक्का केव्हाही एकच हात करते, हे खरं," आबाजी म्हणाले. "पन त्याचं दुसरं काम तू पाह्यलंच नाई. तुह्या बदामाकडे परत जाची तीच एक वाट होती. तू ती पहिल्याच पानाले बुजवली, अन् मंग बदाम लावाले बसला. तिनं बदाम आधी लावला अन् वाट राखून ठेवली. पानं तीच, फक्त पहिलं कोनतं अन् मागचं कोनतं, एवढाच फरक."

आजीनं स्मरण आवरलं होतं. "दृष्टांत झाला," ती म्हणाली. "आता दार्ष्टांतिक सांगा. नाईतर पोट्टे पत्त्यातच राहतीन."

गुरुजी हसले. स्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त गोळा केले, त्यातही आधी सूत्र येतं, मग दृष्टांत आणि शेवटी त्याचा अर्थ सांगणारं दार्ष्टांतिक. आजीच्या पिढीनं ते ऐकतच दिवस काढले होते. अर्थ सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी झाली, असं तिला वाटत नसे.

"सांगतो," आबाजी म्हणाले. "रस्त्याकाठचा एकर म्हंजे किलवरचा एक्का, कारन विहीर त्याच्यात हाये. मागची बाग म्हंजे बदाम, आपल्या घरचा लांब रंग. थोरला म्हनते, एकर आधी इकू अन् त्या पैशानं बाग लावू. पैसा येईन, कलमं येतीन, बाग लागन. पन पानी कुठून आनशील, बापा? वाट बुजवून बाग लावली, तर झाडं उभी राहतीन अन् तू पाहत राहशील."

थोरला काही बोलला नाही.

"मधला म्हनते, मक्त्यानं देऊ. ती इस्पिकची अठ्ठी. जात काही नाई, पन येतही काही नाई. तू थांबला म्हनून समोरचा थांबत नाई, लेका. तुह्या जागी तो आपला रंग उभा करून घेते. मक्तेदार दरसाल जमिनीतून काढन अन् आपली झाडं होतीन ती कधीच नाई."

"आणि माझं?" धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात जिंकल्याची ऐट होती. "लांब रंग आधी, आणि वाट राखून. मग मागच्या तिन्ही एकरांत संत्रा ठरला ना?"

आबाजी म्हणाले, "अजून एक डाव बाकी हाये. बस."

त्यांनी दुसरी पानं काढली. यावेळी धाकटीला आलं ते असं: इस्पिकची नव्वी आणि तिर्री. बदामाचा गुलाम, अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री. चौकटची दश्शी, सत्ती, पंजी. किलवरची राणी, छक्की, चव्वी. समोर बसलेल्या गुरुजींनी बोलीत मध्येच "एक इस्पिक" म्हटलं. आबाजी-आजी त्यावरून चढत पुन्हा थ्री नो-ट्रम्पवर गेले.

उतारी धाकटीची. तिनं विचारही केला नाही. बदाम पाच, वरून चौथं पान चव्वी. टाकली.

बदामाचा एक्का, राजा, राणी तिन्ही आजी-आबाजींच्या हातांत होते. आबाजींनी सहज हात घेतला आणि चौकट काढली. गुरुजींनी चौकटच्या एक्क्यानं मारून इस्पिकचा राजा ठेवला. पण उशीर झाला होता. आबाजींनी तो एक्क्यानं घेतला आणि नऊ हात मोजून घेतले. गुरुजींनी आपली उरलेली पानं उघडून दाखवली. त्यात इस्पिकची राणी आणि गुलाम होते, खाली सत्ती, पंजी.

"मी बोलीत सांगितलं होतं, बाई," गुरुजी म्हणाले. "इस्पिक माझी आहे म्हणून. तू पहिल्याच पानाला नव्वी काढली असतीस, तर चौकटचा एक्का माझ्या हातात असेपर्यंत इस्पिक उभी राहिली असती. आपण बोली बुडवली असती."

"पण लांब रंग माझ्याकडे होता!"

"लांब होता, पन दुबळा होता," आबाजी म्हणाले. "एक गुलाम, अन् खाली सारी बारकी पानं. एखाद्यावेळी उभाही राहिला असता, पन तुह्याकडे परत जाले एक तरी वाट होती काय? ना एक्का, ना राजा. गुरुजीकडे रंगही होता अन् वाटही होती. अन् त्यायनं ते सांगतलंही होतं. लांब रंग काढाचा खरा, पन तो तुह्याच हातातला असला पायजे असं कोनी सांगतलं? समोर भिडू बसला हाये. दोघांच्या हातात मिळून कोनता रंग उभा राहीन, ते पाहाचं."

धाकटी गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं मधल्याकडे पाहिलं. "बरडात तूर, असं तू म्हणाला होतास ना, दादा?"

"पाच वर्षांपासून म्हनून राहिलो," मधला म्हणाला. "खाली मुरूम हाये. संत्र्याच्या मुळ्या त्याच्यात जातच नाईत. तूर मात्र येते."

मग जे ठरलं ते तिघांनी मिळून ठरवलं. विहिरीचा एकर राखला. त्यात भाजीपाला काढून मोर्शीच्या बाजारात न्यायचं काम थोरल्यानं घेतलं, कारण बाजार त्यालाच कळत होता. मधल्या दोन एकरांतली रोगट झाडं मुळासकट काढली, आणि शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतून जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं आणून सहा-सहा मीटरवर लावली. दोन एकरांत सव्वादोनशेच्या आसपास झाडं बसली. ही जबाबदारी धाकटीची. झाडं फळाला येईपर्यंत ओळींमधल्या मोकळ्या जागेत मूग, हरभरा घ्यायचा, आणि शेवटच्या बरडात मधल्यानं तूर पेरायची. पहिली चार वर्षं घर चाललं ते भाजी, मूग आणि तुरीवर. कलमांना पाणी मिळत राहिलं ते विहिरीचं. पाचव्या वर्षी झाडांनी पहिलं फळ धरलं.

त्या वर्षी रस्त्याकाठच्या एकराला गिऱ्हाईक आलं आणि भावही बरा सांगू लागलं. थोरला घरी आला, पण या वेळी त्याचा प्रश्न वेगळा होता. "आबाजी, हा एकर इकला तर बागेले पानी कुठून आनाचं, ते आधी ठरवू. ते जमत नसन तर गिऱ्हाइकाले नाई म्हनतो." पाण्याची दुसरी सोय नव्हती. त्यानं गिऱ्हाईक परत पाठवलं.

बोध असा: जे आपल्या हातचं आहे ते कुठं पळून जात नाही, म्हणून त्याची घाई करू नये. ज्याला उभं राहायला वेळ लागतो ते काम आधी हाती घ्यावं, सुरुवातीला एक-दोन हात गेले तरी. त्या कामाकडे परत जायची वाट शेवटपर्यंत राखावी. नुकसान नको म्हणून काहीच न करणाऱ्याचा डाव दुसराच कुणी जिंकून नेतो. आणि पहिलं पान टाकण्याआधी समोरच्या भिडूनं काय सांगितलं ते ऐकावं, कारण उभा राहणारा रंग कधीकधी त्याच्या हातात असतो.